कसबईची मुडी

मला पाहुणे आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाई लिहिता लिहिता कडवट झाल्या. मी कडवटच आहे. मसोलीच्या माझ्या दोन खोल्यांत कोणी मुक्कामाला येणार म्हटलं की माझं डोकं दुखायला लागतं, आणि कोणी मला राहायला बोलावलं तर मी गुडघ्याची नाहीतर मांजराची सबब सांगते. गुडघा ठणठणीत आहे आणि मांजर शेजाऱ्यांचं आहे. या सगळ्याचं कारण एका मे महिन्यातले तीन दिवस. त्या तीन दिवसांत मी माझ्या आईचं बियाणं, पुढच्या पेरणीसाठी धुरावर राखून ठेवलेलं, कुटून शिजवून माझ्या मैत्रिणीला आणि तिच्या माणसांना वाढलं. कोणी मागितलं नव्हतं, कोणी जबरदस्ती केली नव्हती. आठवलं की अजून शिसारी येते, त्यांची येते त्याहून जास्त माझी येते. आयुष्यभर वर्गात पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, तर एकदा आपलंही लिहून ठेवावं म्हणून हे प्रकरण.

आमचं घर तलासरीच्या पूर्वेला, उधव्याच्या पुढे डोंगराच्या चढावर. दहाबारा घरांचा पाडा, कुडाच्या भिंती, वर कौलं, आणि दारात उभं राहिलं की खाली आमचंच खाचर दिसायचं. खाचरात भात, वरच्या उतारावर नागली आणि वरई. बाबा आठ महिने धाकट्या डहाणूच्या एका बोटीवर खलाशी असायचे आणि पावसाच्या तोंडावर घरी यायचे, त्यामुळे शेत म्हणजे आईच. राब भाजायचा तिने, बी टाकायचं तिने, बांधावरून भांडायचंही तिनेच. आवाज असा की खालच्या पाड्यातली गुरं मान वर करायची. तिची बोली मी इथे लिहीत नाही, छापल्यावर ती वाचणाऱ्याला परकी वाटेल आणि मला ते सहन होणार नाही. तिचं बोलणं मी शाळेच्या मराठीत घालून लिहिते आहे, एवढी लबाडी चालवून घ्या.

खाचराच्या खालच्या टोकाला एक लहानसा तुकडा होता, तिथे दुसरं काही लावायचं नाही. तिथे कसबई. बारीक दाण्याचा, वासाचा भात. शिजायला लागला की शेजारची काकी आपल्या घरातून विचारायची, "आज कोण आलंय गं?" कारण कसबई रोजच्या जेवणाचा नव्हताच. सणाला, नव्याच्या पुजेला, आणि कोणी बाळंत झाली तर तिला. होळीपर्यंत तो संपायचा आणि उरायची ती फक्त बियाण्याची मुडी. पेंढ्याच्या दोराने गच्च आवळून बांधलेली, नारळाहून जराशी मोठी, चुलीच्या वर आढ्याला टांगलेली. धूर लागून ती काळी व्हायची, पण आत किडा शिरायचा नाही. हे बी आईने वेवजीहून, म्हणजे माहेराहून आणलेलं. आमच्यात लग्नात आई लेकीच्या ओटीत बी घालते, आणि ते एकदाच. पुन्हा मागायला जायचं नाही. मागायला गेलं तर माहेरचे समजतात की सासरची जमीन वांझ निघाली, किंवा लेक तरी नादान निघाली. आईने ते बी वीस वर्षं एकदाही तुटू दिलं नव्हतं. एका वर्षी सगळ्या तुकड्यात ओंजळभरच पिकलं, तर आम्ही दाणाही खाल्ला नाही, सगळं मुडीत गेलं. पाड्यात दुसऱ्या कोणाकडे कसबई नव्हता.

मी तेव्हा डहाणूला मुलींच्या वसतिगृहात राहून मास्तरकीचं शिक्षण घेत होते. वर्गात नीता भेटली. डहाणू रोडची, वडलांचा लाकडाचा धंदा, घरात फ्रीज, आणि स्वभावाने खरंच मोकळी. माझ्या डब्यातली सुकटीची चटणी ती बोटाने चाटून खायची. तिच्यासमोर मी काय काय थापा मारल्या आहेत, देवा! आमच्याकडे उन्हाळ्यातसुद्धा रात्री गोधडी लागते. घरामागे धबधबा आहे. आमच्या भाताचा वास डोंगराखालच्या रस्त्यापर्यंत येतो. धबधबा म्हणजे पावसाळ्यात चार महिने खडकावरून पाणी गळायचं ते. नीता ऐकून म्हणायची, "म्हणजे तुझं घर हिल स्टेशनच की गं!" आणि मी नाही म्हणायचे नाही. परीक्षा संपली त्या दिवशी ती धावत आली. तिचा भाऊ सतीश, त्याची नवी बायको शैला आणि ती स्वतः जीप घेऊन सापुताऱ्याला निघणार होते. "वाटेत एक रात्र तुझ्याकडे. वहिनी मुंबईची आहे, तिला खरं गाव बघायचंय." मी म्हटलं, "या की!"

घरी आल्यावर मी आईला सांगितलंच नाही. ती पावसाळ्याची सुकी मासळी आणायला धाकट्या डहाणूला जाणार होती, बाबांनाही भेटणार होती, चार दिवसांचं काम. पाहुणे येणार म्हटलं असतं तर ती थांबली असती. आणि ती थांबायला नको होती मला. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पायांच्या भेगा, तो आवाज, हे नीताच्या वहिनीने बघावं असं मला वाटत नव्हतं. एवढं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आई गेल्यावर मी घर सारवलं, भिंती सारवल्या, बकऱ्या काकीकडे नेऊन बांधल्या आणि काकीलाही सांगितलं, "उद्या जरा चांगलं लुगडं नेस, आणि हाक मारल्याशिवाय येऊ नको." काकी भोळी. म्हणाली, "बरं बाई, तू मास्तरीण होणार, तुझं ऐकायला हवं."

जीप आली ती दुपारच्या उन्हात, टेपवर गाणी मोठ्याने लावून. पाड्यातली सगळी पोरं मागे. सतीश उतरला, इकडे तिकडे बघितलं, आणि मी सकाळी सारवलेल्या भिंतीच्या पायथ्याशी तोंडातला तोबरा थुंकला. लाल पिचकारी वर दोन वीत उडाली. मी काय केलं असेल? मी हसले. म्हटलं, "या ना, आत या." शैलाने दारातच नाकाला रुमाल लावला. तो रुमाल पुढचे तीन दिवस तिच्या हातातून सुटला नाही. पाणी दिलं तर तांब्याचा वास घेतला, बसायला गोधडी टाकली तर तिचा वास घेतला. नीताने पिशवीतून घरून आणलेली पांढरी चादर काढली आणि गोधडीवर पसरली, चारी टोकं आत खोचून, गोधडीचा एक धागाही अंगाला लागणार नाही अशी. दोन टोकं मी स्वतः खोचून दिली. "वहिनीला ॲलर्जी आहे गं," नीता कानात म्हणाली. धबधबा कुठे आहे हे तिने विचारलं तेव्हा मी आटलाय म्हणून सांगितलं, तेवढंच त्या दिवसातलं खरं.

संध्याकाळी एक कोंबडी कापली. आईची अंड्यावरची होती, पण ती गोष्ट वेगळी, कोंबडी पाहुण्यासाठीच असते. नागलीच्या भाकऱ्या केल्या आणि रेशनचा तांदूळ शिजवला, कारण घरात तोच होता. शैलाने भाकरीकडे बघून विचारलं, "ही काळी का आहे?" मग भाताचा एक घास घेतला आणि ताट पुढे सरकवलं. "ह्याला गोणपाटाचा वास येतोय." सतीश म्हणाला, "रेशनचा असणार. आमच्याकडे असला तांदूळ कुत्र्याला घालतात." आणि नीता, माझी मैत्रीण, हसत हसत म्हणाली, "यमू, अगं तुमच्या भाताचा वास म्हणे रस्त्यापर्यंत येतो. तो हाच का?" तिने चिडवलं फक्त. वाईट मनात काही नव्हतं, आजही मी तसंच म्हणेन. पण माझे कान तापले. सगळेजण आपापलं ताट तसंच ठेवून उठले, आणि मी चुलीपुढे बसून वर आढ्याकडे बघत राहिले.

सकाळी ते निघाले असते तर हे सगळं झालंच नसतं. पण जीप चालू होईना. सतीशने बॉनेट उघडून बराच वेळ शिव्या दिल्या, मग पायी उधव्याला जाऊन तिथून तलासरीच्या एका मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्री गुजराती बोलणारा, निवांत माणूस, जीपखाली झोपला आणि झोपूनच म्हणाला, "काले सवारे थई जशे." म्हणजे उद्या सकाळी होईल. सामान वापीहून यायचं होतं. शैलाचा चेहरा पडला. "म्हणजे इथे अजून एक रात्र?" ती असं म्हणाली की जणू तिला तुरुंगात घातलंय. सकाळी तिला लोटा घेऊन शेतात जावं लागलं होतं, तेव्हापासून ती कोणाशी बोलत नव्हती. मी आत गेले, पाटावर चढले आणि मुडी खाली काढली.

मी मनाशी म्हटलं, अर्धीच घेऊ. उरलेली पुन्हा बांधू, आईला कळायचंसुद्धा नाही. कोयत्याने दोर कापला तेव्हा पेंढा सुटून पसरला आणि आतून पिवळे दाणे सुपात ओघळले. वर धुराचा वास आणि खाली तो कसबईचा. उखळात भात घालून मी कांडायला लागले. मुसळाचा आवाज लपत नाही. काकी चांगलं लुगडं नेसून दारात आली. सुपाकडे बघितलं, वर आढ्याकडे बघितलं.

"हे तर बी आहे ना गं?"

"जादाचं आहे. आईनेच सांगितलंय काढायला."

"तुझ्या आईने?"

"हो ना. पाहुण्यांना घाल म्हणाली."

काकीने मग पदर खोचला आणि दुसरं मुसळ उचललं. आम्ही दोघींनी मिळून कांडलं, आणि ती कौतुकाने म्हणत होती की तुझ्या आईचं काळीज मोठं, मी आपली तिला कंजूष समजत होते. मला तेव्हा काही वाटलं नाही. खरंच नाही वाटलं. भात पांढरा किती निघतो, याकडेच माझं लक्ष. त्या दुपारी नीता म्हणाली, "वास मस्त आहे गं," आणि शैलाने रुमाल क्षणभर खाली केला. एवढ्यावर मी हवेत. मीही त्यांच्याबरोबर पंगतीला बसले आणि पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री पुन्हा "काले सवारे" म्हणाला. त्या दिवशी मात्र मी स्वतःला काही सांगितलं नाही. अर्धी मुडी सुटलेली पडली होती, ती सगळी उखळात ओतली. काकीलाही बोलावलं नाही. पहिल्या दिवशीचं एक वेळ पोरबुद्धी म्हणून सोडून देता येईल. दुसऱ्या दिवशी मला सगळं कळत होतं.

त्या दिवशीचं जेवण मला घासाघासाने आठवतं. तिघंही वैतागलेले. सतीश सकाळपासून पीत होता, शैला परत मुंबईला न्या म्हणून त्याच्या मागे लागली होती, आणि नीता माझ्याकडे बघायचंच टाळत होती. मी भात वाढला, भरपूर वाढला, प्रत्येकाच्या ताटात डोंगर. शैलाने बोटांनी दाबून बघितला. "चिकट आहे," ती म्हणाली. "बघ, गोळा होतोय." सतीश म्हणाला, "गावठी तांदूळ असाच असतो. वास येतो, पण पोटात गच्च बसतो." नीता म्हणाली, "मला नको गं जास्त, पोट ठीक नाही." त्यांनी वरची कोंबडी, आईची दुसरी कोंबडी, वेचून खाल्ली. मग सतीशने तांब्या उचलला आणि हात धुवायला बाहेरही न जाता तिथेच ताटात हात धुतले. रश्श्याचं लाल पाणी भातावरून पसरलं. खरकटे हात त्यात चोळले, नखं काढली, एक गुळणीही टाकली. मग सिगरेट पेटवली आणि संपल्यावर ती त्या भातात खुपसून विझवली. चर्र असा बारीकसा आवाज आला. माझ्या पोटातलं सगळं वर आलं. मी मागच्या दाराने बाहेर जाऊन बांधावर ओकले, आणि ओकताना मला दिसत होतं की पडतोय तोही कसबईच.

काकीचा नातू, म्हणजे माझा भाचा, आता त्याच चढावर होम स्टे चालवतो. शनिवारी रविवारी सुरतेच्या आणि मुंबईच्या गाड्या लागतात. दारावर पाटी आहे, "कसबई थाळी, चुलीवरची", आणि थाळीत बाजारातला बासमती असतो. मी एकदा त्याला म्हटलं, अरे कसबई या डोंगरात कोणाकडे उरला नाही, खोटं कशाला लिहितोस? तर म्हणतो, "आत्या, लोकांना नाव आवडतं." गेल्या खेपेला एक बाई त्या थाळीचा फोटो काढत होती, सगळ्या बाजूंनी, आणि फोटो झाल्यावर ताट ढकलून चिप्सचं पाकीट फोडलं. मी उठून गाडीत जाऊन बसले. भाचा म्हणाला, आत्याला उन्हाचा त्रास झाला.

तिसऱ्या सकाळी जीप एकदाची सुरू झाली. जाताना नीताने मला मिठी मारली, "खूप त्रास दिला ना तुला?" म्हणाली, आणि बिस्किटांचे दोन पुडे हातात ठेवले. मी नाही नाही म्हटलं, पुन्हा या म्हटलं. हो, तेसुद्धा म्हटलं. धूळ खाली बसते न बसते तोच दुपारी आई आली. डोक्यावर सुक्या बोंबलांचं गाठोडं, घामाने चिंब, आणि दारातूनच ओरडत, "ही भिंत कोणी बाटवली?" आत आली, गाठोडं उतरवलं, माठातलं पाणी प्यायला मान वर केली, आणि तांब्या तसाच तोंडाशी राहिला. आढ्याला नुसता दोर लोंबत होता.

मी काही बोलायच्या आत ती काकीच्या दारात पोचली होती. तिला वाटलं, काकीने नेली. अख्ख्या पाड्याने ऐकलं ते भांडण. काकी रडत रडत म्हणाली, "तूच सांगितलंस म्हणे, पाहुण्यांना घाल म्हणून! मी मेली कांडून दिलं." आई तिथेच थबकली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी अंगणात उभी होते, हातात बिस्किटांचे पुडे. "कोणते पाहुणे?" मग सगळं सांगावं लागलं. तिने मारलं. हाताने मारलं, मग केरसुणीने मारलं, आणि मारताना एकच विचारत होती, "सगळं? दाणासुद्धा नाही ठेवला?" मग ती थकून उंबऱ्यावर बसली. ती ओरडायची थांबली याचीच मला जास्त भीती वाटली. राब भाजून झाला होता, आभाळ भरून यायला लागलं होतं, आणि तो खालचा तुकडा तसाच मोकळा.

दोन दिवसांनी पहाटे तिने मला उठवलं. "चल." कुठे ते सांगितलं नाही, पण तलासरीला उतरून वेवजीच्या एसटीत बसलो तेव्हा मला समजलं. वेवजीला तिचा भाऊ आणि त्याची बायको, माझी मामी. आजी जाऊन वर्षं झाली होती, कणगीच्या किल्ल्या मामीकडे. या दोघींचं जन्मात पटलं नव्हतं. मामी जिभेची तिखट, आणि आपली नणंद डोंगरात दिली, तिच्या जमिनीत दगडच पिकतात, हे तिचं आवडतं बोलणं. तिच्या दारात बी मागायला जाणं म्हणजे आईने वीस वर्षं राखलेलं सगळं स्वतःच्या हाताने तिच्या पायाशी ठेवणं.

मामी ओट्यावर उडीद निवडत बसली होती. "आज कशी वाट चुकलात?" म्हणाली, पण पाणी आणलं. आईने पाणी बाजूला ठेवलं. इकडचं तिकडचं काही बोललीच नाही, सरळ म्हणाली, "कसबईचं बी पाहिजे. मूठभर दे."

मामीचे हात थांबले. "कसबईचं? तुला तर लग्नात दिलेलं."

"दिलेलं."

"मग? उगवलं नाही?"

"उगवायचं चांगलं. उंदरांनी खाल्लं."

माझी आई खोटं बोलत नसे. बांधाच्या भांडणात स्वतःची चूक असली तरी ओरडून कबूल करायची. मी तिच्याकडे बघितलं, ती समोरच्या सुपाकडे बघत होती. मामीला सुगावा लागलाच. "धुरावरच्या मुडीत उंदीर? आमच्याकडे नाही बाई चढत कधी." मग आवाज चढवून, आत मामाला ऐकू जाईल असं, "जमीनच बी धरत नसेल, तर तसं सांग ना. उंदरांना कशाला नावं ठेवायची? आणि असे किती उंदीर आले म्हणायचे, की अख्खी मुडी फस्त झाली?"

आईच्या मानेवरची शीर उडत होती.

"चार," मी म्हटलं. "तीन जीपमधून आले होते. चौथी मी."

आईने माझा दंड धरला, पण मी बोलतच सुटले. बी मीच काढलं, काकीशी खोटं बोलले, दुसऱ्या दिवशी उरलेलंही कांडलं, ताटात हात धुतले ते, सिगरेट, ओकले ते, सगळं. बोलताना नाक गळत होतं आणि पुसायचं भान नव्हतं. मामीने सूप खाली ठेवलं. तिने "शी!" म्हटलं, मनापासून म्हटलं, आणि ते कोणाला उद्देशून होतं हे विचारायची गरज नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं, जसं ताटात पडलेल्या केसाकडे बघतात. मग उठून आत गेली. कणगीचं झाकण काढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या पदरात दोन ओंजळी बी होतं. "जमिनीचा दोष नाही ना, मग ही दुसरी खेप धरायची नाही," ती आईला म्हणाली, आणि बी आईच्या ओटीत घातलं. हेही सांगायला हवं की ती गोष्ट मामीने पुढे प्रत्येक लग्नाकार्यात सांगितली. मांडवात मी दिसले की हात करून म्हणायची, "ती बघा, आमची चौथी." म्हातारी होऊन मरेपर्यंत म्हणत होती, आणि मी एकदाही रागावले नाही.

परतीच्या वाटेवर आई एक शब्द बोलली नाही. एसटीत नाही, उधव्याला उतरल्यावर नाही. चढ लागला तेव्हा ती पुढे, ओटीची गाठ एका हाताने धरून, मी मागे. मला वाटत होतं की तिने पुन्हा मारावं, शिव्या द्याव्यात, काहीही करावं. खाचर दिसायला लागलं तेव्हा ती थांबली, श्वास घेतला आणि मागे न बघताच विचारलं,

"आवडला का गं त्यांना?"

माझ्या तोंडात "हो" आलं होतं. अगदी जिभेवर. पण तीन दिवसांत इतकं खोटं बोलून झालं होतं की तोंड विटलं होतं. "नाही," मी म्हटलं. "चिकट आहे म्हणाले. गोळा होतो म्हणाले. टाकला त्यांनी."

आई गर्रकन वळली. वेवजीला मामीसमोर जो राग गिळून बसली होती तो सगळा तिच्या डोळ्यांत आला, आणि मी गाल पुढे करून उभी राहिले.

"कसबई चिकट होत नाही," ती म्हणाली. "तुला शिजवता आला नाही, भवाने. पाणी जास्त घातलंस."